रेणू तोच, वेळ वेगळी



जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे आकडे जाहीर झाले आणि कोविडमध्ये जीव वाचवणारे पहिले खात्रीचे औषध डॉक्टरांच्या हाती आले. औषध नवे नव्हते. डेक्सामेथासोन हे साठेक वर्षे वापरात असलेले, अगदी स्वस्त स्टिरॉइड. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांमध्ये अठ्ठावीस दिवसांतले मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता प्राणवायू लागत असलेल्यांमध्ये ते २६.२ वरून २३.३ वर आले. ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती त्यांच्यात मात्र उलटे दिसले: औषध न घेतलेल्यांपैकी १४ टक्के दगावले, घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते आणि ते ऐकले पाहिजे. पण तिथे फायदा नव्हता आणि अपायाची शंका घ्यायला जागा होती, एवढे नक्की. विषाणू तोच, गोळी तीच, मात्रा तीच; परिणाम मात्र तीन गटांत तीन. हे का झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो की आपण शरीरातल्या दाहाच्या रासायनिक संकेतांपाशी येऊन पोहोचतो. आजचा विषय तोच आहे.

दाहाविषयी आपल्याकडे दोन मते शेजारी शेजारी नांदतात. एक मत म्हणते, दाह हे शरीराचे संरक्षण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरे म्हणते, मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत सगळ्याचे मूळ दाहात आहे, तेव्हा तो जिथे दिसेल तिथे विझवावा. दोन्ही मतांना पुरावा आहे, आणि दोन्हींमध्ये एकच गृहीत धरलेले आहे: दाहाला स्वतःचा असा एक स्वभाव आहे, बरा किंवा वाईट. माझे म्हणणे असे आहे की हे गृहीतच टिकत नाही. ज्या रेणूंमुळे दाह उठतो त्यांचा परिणाम बरा की वाईट हे वेळ, जागा आणि मात्रा यांवर ठरते. आणि या तिघांपैकी वेळेकडे वैद्यकाचे आणि आपले सर्वांत कमी लक्ष गेलेले आहे. काढणीला आलेल्या कांद्याला पाणी दिले तर तो सडतो आणि लावणीनंतर तोडले तर तो उभाच राहत नाही. पाणी दोन्ही वेळा तेच असते. टीएनएफ किंवा प्रोस्टाग्लँडिन या दाहाच्या संकेतांविषयीही असेच विचारायला हवे.

आधी यंत्रणा थोडक्यात पाहू. त्वचेत काटा घुसला की ऊतींमध्ये ठाण मांडून बसलेल्या मास्ट पेशी आपल्या कणिकांमधला हिस्टामिन बाहेर टाकतात. लंडनमध्ये सर टॉमस लुईस यांनी १९२०च्या दशकात त्वचेवर बोथट टोकाने रेघ ओढून काय काय होते ते बारकाईने टिपले: आधी लाल रेघ, मग तिच्याभोवती पसरणारी लाली, मग रेघेच्या जागी उठणारी गांध. जखमी त्वचेतून हिस्टामिनसारखा एखादा पदार्थ सुटत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी नुसत्या निरीक्षणावरून काढला. हिस्टामिनचे गुणधर्म हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१०च्या सुमारास दाखवलेलेच होते. हिस्टामिनने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो. सूज आणि लाली ही त्याचीच रूपे. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन मज्जातंतूंची टोके हळवी करतात, म्हणून दुखते. दरम्यान जंतूच्या आवरणातले विशिष्ट रेणू ओळखणारी ग्राहके जागी होतात. या शोधासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयट्लर यांना २०११ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. ग्राहके जागी झाली की भक्षकपेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे संकेत सोडतात. रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते, वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडतात, भिंतीतून वाट काढून ऊतीत उतरतात. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोहोचतो आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. कोविडच्या काळात घराघरांत ज्या आकड्याची चर्चा झाली तोच हा सीआरपी. मेंदूत प्रोस्टाग्लँडिन वाढले की ताप चढतो. यातला बहुतेक कोणताच संकेत स्वतः जंतू मारत नाही. तो कोणाला तरी काहीतरी करायला सांगतो. पुढे काय घडेल ते ऐकणारी पेशी कोणती आणि ती त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून राहते.

हे संकेत अडवता येतात, हे विसाव्या शतकातल्या वैद्यकाचे फार मोठे यश आहे आणि मला ते कमी लेखायचे नाही. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही दिवसांत चालू लागलेली पाहिली. दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळाले. दीर्घ वापराचे दुष्परिणाम उघड व्हायलाही फार वेळ लागला नाही. अॅस्पिरिन तर त्याच्याही आधी अर्धे शतक विकले जात होते, पण ते काम कसे करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले: ते प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. आज घरोघरी असणारी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी मंडळी त्याच मार्गाने काम करतात.

माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा होते ती टीएनएफच्या गोष्टीत, म्हणून तिथे जरा थांबतो. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गटाला जंतूंच्या विषाने चेतवलेल्या उंदरांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तो काही गाठींमधल्या पेशी मारत होता, म्हणून त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. त्याच शहरात दुसरा गट वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता: दीर्घ संसर्गात जनावरे हाडांचा सापळा का होतात? त्यांनीही त्यास कारण असलेला एक पदार्थ वेगळा केला. १९८५ च्या सुमारास लक्षात आले की दोन्ही पदार्थ एकच आहेत. एका प्रयोगशाळेत जो कर्करोगावरचे आशास्थान होता, तोच दुसऱ्या प्रयोगशाळेत शरीर झिजवणारा गुन्हेगार ठरलेला होता. दोघांचीही निरीक्षणे बरोबर होती.

मग तिसरी भूमिका पुढे आली. रक्तात जंतू पसरून येणाऱ्या सेप्सिसच्या धक्क्यात टीएनएफ मुख्य आरोपी असावा, असे प्रयोग सांगू लागले. १९८७ मध्ये बबून माकडांवर झालेला प्रयोग नीट वाचण्यासारखा आहे. माकडांच्या रक्तात प्राणघातक प्रमाणात जंतू सोडण्याच्या दोन तास आधी टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले तर ती पूर्ण वाचत होती. एकच तास आधी दिले तर रक्तदाबाचा धक्का टळत होता, पण अवयव निकामी होणे आणि मृत्यू टळत नव्हता. एका तासाच्या फरकाने इतका फरक पडत होता, आणि दोन्ही वेळा औषध जंतूंच्या आधीच दिलेले होते. माणसे रुग्णालयात येतात ती जंतू पसरल्यानंतर, कित्येकदा दोन-तीन दिवसांनी. तरीही त्या निकालावर विश्वास ठेवून चाचण्या झाल्या आणि एकामागून एक निष्फळ ठरल्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टीएनएफला पकडून निष्प्रभ करणारा एक कृत्रिम ग्राहक सेप्सिसच्या १४१ रुग्णांवर वापरला गेला. औषधाऐवजी प्लासिबो दिलेल्यांपैकी ३० टक्के दगावले. मधल्या मात्रेत ४८ टक्के. सर्वांत मोठ्या मात्रेत ५३ टक्के. संकेत जितका जास्त अडवला तितके मृत्यू वाढले. संसर्ग शरीरात मोकाट असताना त्याच्याविरुद्धची हाकाटी बंद केली तर काय होते, ते या आकड्यांत दिसते.

तोच कृत्रिम ग्राहक दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, इटॅनरसेप्ट या नावाने आमवातासाठी मंजूर झाला आणि तिथे तो वरदान ठरला. त्यामागचे काम लंडनमधल्या मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेल्या रविंदर मैनी यांचे. आमवाती सांध्यांतले ऊतक काढून ते प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यात फक्त टीएनएफ अडवला, तर इंटरल्यूकिन-१ सुद्धा खाली येतो, हे त्यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले. म्हणजे या सांध्यांत संकेतांच्या साखळीची वरची कडी टीएनएफ होती. १९९२ मध्ये त्यांनी रुग्णांवर टीएनएफविरोधी प्रतिपिंड वापरायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे सुजलेले सांधे उतरले. सेप्सिस आणि आमवात या दोन्हींत टीएनएफ रक्तात वा सांध्यात वाढलेलाच असतो. तरीही एकात त्याला अडवणे घातक आणि दुसऱ्यात उपकारक, कारण सांध्यात त्याच्या हाकेला उत्तर देण्यासारखा शत्रूच नसतो आणि हाक थांबत नाही.

गोष्ट इथेही संपत नाही. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी प्रतिपिंड घेतलेल्या रुग्णांमधल्या ७० क्षयरोगाच्या नोंदी एकत्र प्रसिद्ध झाल्या. बहुतेकांना औषध सुरू केल्यापासून काही आठवड्यांतच क्षय झाला होता. मध्यक बारा आठवड्यांचा. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तो फुफ्फुसांबाहेर पसरलेला होता, जे एरवी इतक्या प्रमाणात दिसत नाही. कारण असे की फुफ्फुसात झोपलेल्या क्षयजंतूंभोवती भक्षकपेशींची जी घट्ट गाठ तयार झालेली असते, ती एकत्र बांधून ठेवण्याचे कामही टीएनएफच करत असतो. सांधा वाचवणारे औषध फुफ्फुसातली ती गाठ सैल करते. रुग्ण एक, रेणू एक. त्याच दिवशी एका जागी तो नासधूस करत असतो आणि दुसऱ्या जागी पहारा देत असतो.

मग निदान क्षयात तरी टीएनएफ जितका जास्त तितका चांगला, असे म्हणावे का? बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या पिलांवर केलेल्या कामाने हाही आधार काढून घेतला, आणि मला हे काम या साऱ्या क्षेत्रातले सर्वांत सुंदर काम वाटते. माशांना होणाऱ्या क्षयाचा जंतू आपल्या क्षयजंतूचा जवळचा नातेवाईक आहे, आणि पिलू पारदर्शक असल्यामुळे भक्षकपेशीच्या आत काय चालले आहे ते जिवंतपणी सूक्ष्मदर्शकातून दिसते. टीएनएफ कमी पडला तर भक्षकपेशीच्या पोटातले जंतू वाढत जातात, पेशी फुटते आणि जंतू बाहेर पडतात. टीएनएफ फार झाला तर पेशी आतले जंतू सुरुवातीला झपाट्याने मारते, पण त्याच भरात स्वतःही मरते. उरलेले जंतू बाहेर पडतात आणि मोकळ्यावर दोऱ्यांसारखे वाढतात. कमतरता आणि अतिरेक, दोन्हींचा शेवट एकच. हा तोल एका विकराच्या जनुकावर हलतो, आणि ते विकर ल्यूकोट्रायीन व लायपॉक्सिन या दोन गटांपैकी कोणते संकेत जास्त बनतील ते ठरवते. २०१० ते २०१३ या काळात हे प्रसिद्ध झाले तेव्हा ‘दाह जास्त की कमी’ हा प्रश्न एकाच दिशेच्या पट्टीवर मोजण्याची सवय मोडायला हवी होती. ती अजून पुरती मोडलेली नाही.

आता वेळेकडे थेट वळतो. दाह सुरू कसा होतो यावर शंभर वर्षे संशोधन झाले. तो संपतो कसा, याकडे बराच काळ कोणी पाहिले नाही. धरून चालले होते की संकेत विरून गेले की दाह आपोआप निवतो. लंडनमध्ये डेरेक गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदराच्या छातीच्या पोकळीत कृत्रिम दाह उठवून कॉक्स-२ हे विकर केव्हा केव्हा वाढते ते मोजले. प्रोस्टाग्लँडिन बनवणारे हे विकर. ज्याला अडवायला आपण दुखण्यावरच्या गोळ्या घेतो तेच. ते दोनदा वाढले: एकदा दोन तासांनी, दाहाच्या भरात, आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तासांनी, दाह उतरत असताना. दुसऱ्या वेळी ते वेगळ्या जातीचे प्रोस्टाग्लँडिन बनवत होते. सुरुवातीला ते विकर अडवले तर दाह कमी झाला; उशिरा अडवले तर दाह वाढला. बोस्टनच्या चार्ल्स सेऱ्हान यांनी आधी सॅम्युएलसन यांच्यासह १९८४ मध्ये लायपॉक्सिन आणि पुढे २०००च्या सुमारास रिझॉल्व्हिन हे रेणू शोधले. ते नव्या पांढऱ्या पेशींची आवक थांबवतात आणि मेलेल्या पेशी उचलून नेण्याचे काम भक्षकपेशींना लावतात. दाहाचा शेवट ही सक्रिय प्रक्रिया आहे, आणि तिची तयारी दाहाच्या सुरुवातीच्याच संकेतांमधून होते. म्हणूनच सुरुवात पार दडपली तर शेवटही लांबू शकतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: लाखो माणसे पाय मुरगळल्यावर, दाढ दुखल्यावर गोळी घेतात, बरी होतात, त्यांचे काही बिघडत नाही. हे खरे आहे. वेदना ही स्वतःच एक यातना आहे आणि ती कमी करणे हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य. दोन दिवसांच्या गोळ्यांवर मला काहीच म्हणायचे नाही. पण गोळी अडवते ते प्रोस्टाग्लँडिन फक्त मुरगळलेल्या घोट्यात नसते. जठराचे अस्तर, मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांना तेच सांभाळते. जठर वाचवण्यासाठी फक्त कॉक्स-२ अडवणारी औषधे बनवली गेली, आणि त्यातले रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या वाढलेल्या धोक्यामुळे जगभरातून मागे घ्यावे लागले. रक्त गोठू न देणारे प्रोस्टासायक्लिन कॉक्स-२ वरही अवलंबून असते. ते घटले आणि रक्त गोठवणारे थ्रॉम्बॉक्सेन तसेच राहिले. औषध ज्यासाठी बनवले होते ते काम त्याने चोख केले. इतरत्र चाललेले कामही त्याने थांबवले. महिनोन्महिने स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या आमच्या गुडघेदुखीच्या रुग्णांबाबत हा प्रश्न पुस्तकी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनाट, मंद दाह हृदयविकाराला कारण असेल, तर तिथे तरी तो अडवण्यात काय वावगे? २०१७ च्या ‘कँटॉस’ चाचणीने याचे उत्तर बऱ्याच अंशी दिले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारे कॅनाकिन्युमॅब दिले गेले. कोलेस्टेरॉलला हातही न लावता, मधल्या मात्रेत पुढचे हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. दाहाचा सिद्धान्त खरा ठरला, आणि मी तो मोकळेपणाने मान्य करतो. पण प्राणघातक संसर्ग औषध घेतलेल्यांत जास्त झाले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. धमनीत जो संकेत नको होता तो इतरत्र हवा होता. या चाचणीतून मी दाह अडवू नये असा धडा घेत नाही. कोणत्या रुग्णात, किती आणि किती काळ, हे न ठरवता अडवला तर मिळवलेले दुसऱ्या दाराने जाते, एवढेच त्यातून निघते.

तिसरा आक्षेप असा की उंदीर, मासे, माकडे यांच्यावरून माणसाबद्दल बोलू नये. सेप्सिसच्या चाचण्यांचा इतिहास पाहता ही शंका रास्तच आहे. पण बबूनच्या प्रयोगाने दिशाभूल केली असे मला वाटत नाही. एक तास आणि दोन तास यांतला फरक त्यानेच दाखवला होता. वाचणाऱ्यांनी त्यातला वेळेचा भाग वगळला. आणि सुरुवातीला सांगितलेले डेक्सामेथासोनचे आकडे तर माणसांचेच आहेत. कोविडच्या पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि शरीराला हाक मारणारे संकेत हवे असतात. पुढे फुफ्फुसाला इजा होते ती मोठ्या अंशी त्या न थांबणाऱ्या संकेतांमुळे. प्राणवायूची गरज ही त्या बदलाची ढोबळ खूण होती, म्हणून तिने रुग्ण वेगळे केले.

त्या खुणेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे सर्वाधिक रुग्ण नोंदवलेल्या राज्यांत आपण होतो. नियंत्रणात नसलेला मधुमेह हे त्याचे मुख्य कारण होते, आणि त्यावर स्टिरॉइडची भर पडली: प्राणवायूची पातळी चांगली असताना घरीच सुरू केलेले, मोठ्या मात्रेत, दहा दिवसांची मर्यादा ओलांडून चाललेले. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि बुरशीला रोखणाऱ्या पेशींचे बळ घटते. ज्या औषधाने अतिदक्षता विभागात जीव वाचवले त्याचाच हात इथे डोळे आणि जबडे जाण्यात होता.

आता कोणाला आणि केव्हा, हाच प्रश्न टीएनएफविरोधी औषधांबाबत आपल्यासमोर येत आहे. अॅडॅलिम्युमॅब या अशाच प्रतिपिंडाचे जगातले पहिले बायोसिमिलर, म्हणजे तुल्य प्रत, भारतातच २०१४ मध्ये बाजारात आले. या औषधांच्या किमती उतरत आहेत आणि ती लहान शहरांतल्या रुग्णांपर्यंत पोहोचत आहेत. हे व्हायलाच हवे, कारण आमवाताने वाकडी झालेली बोटे पुन्हा सरळ होत नाहीत. पण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. औषधाआधी माँटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे करावा, सुप्त क्षय आढळला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभर थांबावे, याच धर्तीचा नियम स्पेनने २००२ नंतर राबवला आणि अशा रुग्णांमधला क्षय तीन-चतुर्थांशाहून अधिक घटला. आपल्याकडे त्यात दोन अडचणी जास्तीच्या आहेत. आमवाताचा रुग्ण तज्ज्ञापर्यंत येतो तेव्हा तो बहुधा आधीच स्टिरॉइड घेत असतो, आणि स्टिरॉइडमुळे या चाचण्या खोट्याच ‘निगेटिव्ह’ येऊ शकतात. शिवाय स्पेनमध्ये क्षय मुख्यतः जुन्या, झोपलेल्या जंतूंपासून उठत होता. इथे बसमध्ये, वर्गात, शेजारच्या खोलीत नवा संसर्ग रोज होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला एकदा केलेल्या चाचणीवर इथे विसंबता येत नाही. औषध चालू असेपर्यंत दर भेटीत खोकला, ताप, वजन आणि घरातल्या कुणाचा क्षयाचा उपचार चालू आहे का हे विचारावे लागते; आणि सांधे अगदी उत्तम असतानाही हलका ताप लांबला तर इंजेक्शन थांबवून आधी क्षय शोधावा लागतो, फुफ्फुसांत आणि फुफ्फुसांबाहेरही.